कागदावरचा वास

एका संक्रांतीला मी हळदीकुंकवात प्लास्टिकच्या साबणदाण्या लुटल्या. आठ दिवसांनी मागच्या गल्लीतल्या एका घरी बोलावणं आलं म्हणून गेले, तर तिथून मला वाण मिळालं ते माझीच साबणदाणी. माझीच, हे मी छातीठोकपणे सांगते, कारण किमतीचं लेबल काढताना तिच्या बुडाला माझ्याच नखाचा ओरखडा पडला होता. मी ती हसतमुखानं घेतली, कपाळाला लावली आणि घरी येऊन माळ्यावर भिरकावली.

त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या संक्रांतीला साबणदाणी नाही, साबणच द्यायचा, आणि तोही हातानं केलेला. आमच्या मेहकरच्या कॉलनीत प्रत्येकीचं कशात तरी नाव आहे. एकीच्या कुरडया मोडत नाहीत, एकीची रांगोळी पेपरात छापून आली होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मला लोक ओळखतात ते मतदारयादीचे कागद घेऊन दारोदार फिरणारी बाई म्हणून. मी दिसले की लोक आधार कार्ड शोधायला आत जातात. चाळीस बायकांनी निदान महिनाभर, निदान आंघोळ करताना, माझी बऱ्या शब्दांत आठवण काढावी, एवढीच माझी माफक इच्छा होती.

पुण्याच्या एका मुलीचा ऑनलाइन वर्ग लावला. रविवारी दुपारी दोन ते चार. साबण जमवणं मला लवकर आलं, कारण ते पाककृतीसारखं असतं: खोबरेल तेल इतकं, एरंडेल इतकं, कॉस्टिक सोडा तोलून मापून, आणि पुढे पाच-सहा आठवडे वड्या वाळत ठेवायच्या. अडलं ते सुगंधापाशी. त्या मुलीनं एक खोकं पाठवलं होतं. त्यात बोटाएवढ्या बारा बाटल्या आणि कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या. पट्टीवर थेंब टाकायचा, हुंगायचा, मग दोन-तीन थेंबांचं जमवून पाहायचं. पहिल्याच वर्गात तिनं सगळ्यांना डोळे मिटून लॅव्हेंडर हुंगायला लावलं आणि तो वास तीन शब्दांत लिहा म्हणाली. बाकीच्या मुली 'शांत, जांभळा, आठवणींचा' असं भराभर लिहीत होत्या. मी लिहिलं, 'वास येत आहे.' शब्द तीनच होते, पण तिला काही ते पसंत पडलं नाही.

खरं सांगायचं तर माझं नाक दिसायला चांगलं ठसठशीत आहे, कामाला शून्य. बावीस वर्षं खडूची भुकटी आणि जन्माची सर्दी. भाजी करपली की मला धूर दिसतो तेव्हा कळतं.

माझ्या सासूबाईंचं नेमकं उलट. पहिल्या वर्गाच्या दिवशी त्या मागच्या पडवीत तूर निवडत बसल्या होत्या, आणि मी पुढच्या खोलीत बाटली उघडली होती. तिकडून आवाज आला.

"काय उघडलं वं मास्तरीणबाई? डांबरगोळीची बहीण आल्यासारखी वाटते."

लॅव्हेंडरचं इतकं अचूक वर्णन त्या दिवशी वर्गात कोणीच केलं नव्हतं.

सासूबाई जानेफळच्या. जन्म शेतात गेला. गावात कोणाकडे तूप कढत असलं की यांना बोलावणं यायचं. अंगणात पाय ठेवताच सांगायच्या, 'उतरव आता.' कणगीतल्या धान्याला कीड लागायच्या आत यांना वास यायचा. माझ्या नवऱ्यानं कॉलेजात असताना ओढलेली पहिली बिडी त्यांनी तीन धुण्यांनंतर सदऱ्यातून हुडकली होती, असं घरात सांगतात. असं नाक घरात असताना मी पुण्याला फी भरत होते.

मी बाटल्यांचं खोकं घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि सवयीनं एक थेंब त्यांच्या मनगटावर टाकायला गेले. त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला.

"कागदावर लाव," त्या म्हणाल्या. "हाताले नको."

सासरे गेल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून कुंकू नाही, फूल नाही, अत्तर नाही. आंघोळीला तो औषधी वासाचा लाल साबण, जो त्या अंगालाही लावायच्या आणि लुगड्यालाही. घरात हळदीकुंकू असलं की त्या आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. त्यांना कोणी जा म्हटलं नव्हतं. कोणी राहा असंही म्हटलं नव्हतं, आणि या दुसऱ्या वाक्यातल्या 'कोणी'मध्ये मुख्यतः मी येते. दरवर्षी जानेवारीत मी शाळेत मुलींपुढे जुन्या रूढींवर भाषण करते. भाषण बरं होतं. मुली टाळ्या वाजवतात.

तर कागदावर. त्या दिवसापासून दर रविवारी वर्ग संपला की आमचा दुसरा वर्ग भरायचा. मी थेंब टाकून पट्टी पुढे करायची आणि त्या निकाल द्यायच्या. टी ट्री म्हणजे 'बैलाच्या खुराले लावाचं औषध'. रोझमेरी म्हणजे 'निलगिरीनं ओव्यासंगं लगन केलं'. पॅचुली हुंगून त्यांनी पट्टी लांब धरली आणि म्हणाल्या, "ही बंद खोलीतली सतरंजी हाय. पन वाईट नाई. जुनी हाय बिचारी." एका बाटलीवर 'समुद्राची झुळूक' असं लिहिलं होतं. आमच्या जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. सासूबाईंनी तो पाहिलेलाच नव्हता. त्यांनी पट्टी हुंगली, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "यश्टीतला नवा कंडक्टर."

नवऱ्याचंही मत घ्यायचा मी रीतीप्रमाणे प्रयत्न केला. ते तहसील कचेरीत कारकून आहेत. कुठलाही कागद पुढे आला की आधी सही कुठे करायची ते बघतात. पट्टी हुंगून म्हणाले, "मस्त हाय. चालू द्या." तीच पट्टी उलटी करून दिली, तर म्हणाले, "ही त्याच्याहून मस्त हाय."

वर्गातली मुलगी टॉप नोट, मिडल नोट, बेस नोट असं सांगायची आणि मी वहीत तक्ते आखायची. सासूबाईंनी ते एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, "काऊन येवढं लिहून राह्यली? घरी मानसं येतेत तसंच हाय. एक येनारा, एक बसनारा, एक राहनारा. येनारा गडबड करते अन् निघून जाते. बसनारा गोष्टी सांगते. राहनारा बोलत नाई, पन तो नसला तं घर रिकामं लागते. तुह्या त्या बाटल्यायत राहनारा एकबी नाई."

मी ते वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि पुढच्या रविवारी वर्गात स्वतःच्या नावावर सांगितलं. मुलगी फार खूश झाली. 'किती सुंदर मांडलंत,' म्हणाली. मी मान लववून आभार मानले.

राहणारा शोधायला आम्ही दोघी आठवडी बाजारात गेलो. तिथे एक म्हातारे अत्तरवाले बसतात, लाकडी पेटी आणि कापसाचे फाये घेऊन. मी वाळ्याचं अत्तर मागितलं. त्यांनी माझ्या पंजाच्या मागच्या बाजूला फाया फिरवला आणि मग तोच फाया सासूबाईंकडे धरला. "अम्मा, आप भी देखो."

"कागदावर लावा बाबा," सासूबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं एकदा त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राचा एक कोपरा फाडून त्यावर फाया टेकवला. सासूबाईंनी तो हुंगला.

"वाळा हाय," त्या म्हणाल्या. "पन त्याच्यात दुसरं तेल पाजलं हाय. कोनतं ते तुमाले माहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा मात्र हसला, पेटीच्या तळातून दुसरी बाटली काढली आणि म्हणाला, "ये लो. ये मैं घर के लिए रखता हूं." परत येताना मी त्या बाटलीपेक्षा सासूबाईंनाच जास्त सांभाळून आणलं.

पहिला साबण मी त्यांना न विचारता केला. लवंगेचं तेल मला आवडतं, कारण तेवढंच मला नीट येतं. म्हणून हात सैल सोडला. लवंग पडताच पातेल्यातलं मिश्रण साच्यात ओतायच्या आत दगड झालं. डाव त्यात उभा राहिला तो उभाच. मी तो ओढत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "येनाऱ्यालेच घरात कोंडलं तुनं," एवढं म्हणून त्या गेल्या. तो डाव अजून आमच्याकडे आहे. धुतला की फेस येतो.

त्यानंतर मी शहाण्यासारखी त्यांच्या हुकमात राहिले. येणारा म्हणून गवती चहाचं तेल. बसणारा म्हणून गुलाब, पण बेतानं, 'लगनातल्या मावशीसारखा नको'. वाळा घातला, तरी त्यांचं समाधान होईना. चार दिवस त्या पट्टी घेऊन फिरल्या. मग एका सकाळी त्यांनी मला काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा आणायला सांगितला.

"हे तं आपन निंदून फेकून देतो तेच," त्या सुकलेल्या गाठी तळहातावर घेऊन म्हणाल्या. "सारी जिंदगी उपटला. इळा चालवू चालवू बोटं दुखेत, शिव्या देत जावो त्याले. पन संध्याकाळी भाकर थापाले बसली का हाताले वास ये त्याचा. आंघोळ केली तरी ये. तुह्या सासऱ्याले आवडे."

शेवटचं वाक्य त्यांनी नागरमोथ्याकडे पाहूनच म्हटलं. त्या गाठी त्यांनी स्वतः कुटल्या, तिळाच्या तेलात घातल्या आणि बरणी रोज उन्हाबरोबर अंगणात सरकवत ठेवली. महिन्याभरानं त्या तेलाचे काही थेंब आमच्या मिश्रणात पडले आणि त्यांनी पट्टी हुंगली. नंतर डोळे मिटून पुन्हा हुंगली.

"आता झालं," त्या म्हणाल्या.

मला खोकल्याच्या काढ्यासारखं काहीतरी वाटलं, पण मी कशाला बोलते?

एकच शंका राहिली. वर्गातली मुलगी पुन्हा पुन्हा सांगायची की कागद फसवतो. सुगंध खरा कळतो तो अंगावर, आणि प्रत्येकीच्या अंगावर तो वेगळा उमटतो. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात ओढून हुंगला आणि सोडून दिला. "तुह्या हाताले खडू अन् लसून. तुह्या अंगावर काईबी लावलं तरी भाजीच होते." मग थोड्या वेळानं, तूर निवडता निवडता, त्यांनी विचारलं, "मंग अंगावर कसा लागते, ते कसं समजन?"

"हळदीकुंकवाला पाहू की," मी म्हटलं. "त्याच वासाचं अत्तरही करते तिळाच्या तेलात. चाळीस जणींच्या हाताला लावीन. कळेलच."

"हाव," त्या म्हणाल्या. "तवा समजन."

पुढचे दीड महिने हे त्यांनी मला किमान दहा वेळा ऐकवलं. वड्या वाळत ठेवल्या होत्या त्या खोलीत दिवसातून दोनदा जायच्या, वड्या उलट्या करायच्या, आणि बाहेर येऊन म्हणायच्या, "मुरून राह्यला. पाहू आता, अंगावर कसा लागते." एखाद्या पाहुणीची वाट पाहावी तशी त्या संक्रांतीची वाट पाहत होत्या. मला ते दिसत होतं. मला वाटलं, म्हातारीला बरा विरंगुळा झाला.

हळदीकुंकवाच्या दिवशी मी दुपारपासून तयारीत. वड्या बटर पेपरात गुंडाळून वर लाल दोरा बांधलेला, ताटात रचलेल्या. माझ्या आईकडची, सुलतानपूरची, पितळी अत्तरदाणी चिंचेनं घासून लखलखीत केलेली. पाचच्या सुमारास पहिली बेल वाजली. सासूबाई उठल्या, नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "बायका आल्या. मी आत बसतो," आणि आतल्या खोलीत गेल्या. माझा जीव भांड्यात पडला, कारण मला काही बोलावं लागलं नाही. मी त्यांच्यामागे गेले आणि दार लोटून घेतलं. पंख्याच्या वाऱ्यानं ते आपटतं म्हणून. जानेवारीत आमच्याकडे कोणी पंखा लावत नाही, हे मला नंतर आठवलं.

बायका आल्या. हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, तीळगूळ दिला, साबण दिला. आणि सांगायला संकोच वाटत नाही, कौतुक झालं. मतदारयादीच्या बाईचं पहिल्यांदा कौतुक झालं. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई, ज्या दुसऱ्यांच्या घरच्या कुठल्याही पदार्थाला 'ठीक आहे' म्हणतात, त्यांनी स्वतःचं मनगट तीनदा नाकाशी नेलं.

"मागून काहीतरी येतंय," त्या म्हणाल्या. "काय आहे हे?"

मला ते मागून येणारं कधीच आलं नव्हतं. मी 'एक मिनिट, दूध पाहून येते' म्हणून आत गेले. सासूबाई अंधारात खाटेवर बसल्या होत्या. दिवा लावला नव्हता.

"आई, मागून येतं ते काय म्हणून सांगू?"

"मोथा. पन मोथा नको सांगू, नाक मुरडतीन. काई भारी नाव सांग." मग त्यांनी विचारलं, "कसा लागते पन? अंगावर?"

"छान लागतो," मी म्हटलं आणि दार लोटून बाहेर आले. "दुर्मिळ वनौषधी आहे," मी अध्यक्षीणबाईंना सांगितलं.

असं तीन-चारदा झालं. गुलाब किती घातला? आत. वाळा कुठून आणला? आत. दर वेळी बाहेर उत्तर आणि आत तोच प्रश्न, 'कसा लागते?', आणि दर वेळी मी त्यांना 'छान' एवढाच एक शब्द दिला, त्यांच्या लेकाच्या 'मस्त'सारखा. शेवटी कोणीतरी विचारलं, हे सगळं शिकलात कुठे? मी म्हटलं, पुण्याला. ऑनलाइन.

साडेसातला शेवटची बाई गेली. मी आतलं दार उघडलं, दिवा लावला. डोक्यात कौतुक भिनलं होतं आणि माणूस अशा वेळी उदार होतो. मी अत्तरदाणी घेऊनच गेले होते.

"आई, आता कोणी नाही. हात द्या."

त्यांचा हात आपोआप उशाकडे गेला. उशाशी जुन्या वर्तमानपत्राचा एक कोपरा फाडून ठेवलेला होता. तो त्यांनी पुढे केला. म्हणजे त्या अडीच तास तो कागद तयार ठेवून बसल्या होत्या.

मी काही त्यावर अत्तर लावू शकले नाही.

"दार जरासं उघडं ठेवतीस," त्या म्हणाल्या. रागानं नाही, दूध उतू गेलं हे सांगावं तशा. "बायका जाता-येता दारापासून जातेत. त्यायच्या अंगावरचा वास आला असता मले. मी काई भाईर नसती आली."

मी दीड महिना ते वाक्य ऐकत होते. 'पाहू, अंगावर कसा लागते.' त्यांना मानाचं आसन नको होतं, कुंकू नको होतं, माझं भाषण तर नकोच होतं. दोन बोटं दार उघडं हवं होतं. मला इतकी शरम वाटली की मी रागावले, जशी मी नेहमी रागावते, आणि म्हटलं, "मग सांगायचं नाही का तुम्ही?"

"आता सांगतलं ना," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "साबन देतीस का एक? अत्तर नको. साबन तं सारेच लावतेत."

मी ताटाकडे गेले. ताटात लाल दोऱ्याचे दोन तुकडे होते. साबण मी मोजून केले होते. कॉलनीतली घरं मोजली, शाळेतल्या बाया मोजल्या, अध्यक्षीणबाईंची नणंद आली तर एक जास्त धरला. ज्या नाकावर ते सगळे उभे होते, ते मोजायचं राहिलं.

वड्या कापताना निघालेल्या कडा तेवढ्या मोरीत एका करवंटीत होत्या. नवरा त्यांनी हाताला लागलेलं स्कूटरचं काळं काढत असे. मी त्यातला एक तुकडा काढला, वरचं काळं नखानं खरवडलं आणि त्यांच्या हातावर ठेवला. नवा करून देते, उद्याच करते, असं मी म्हणत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी मोरीत जाऊन मनगटापर्यंत हात धुतले, सावकाश, भाकरीच्या आधी धुवावेत तसे. पदराला पुसले नाहीत. येऊन खाटेवर बसल्या आणि ओला तळवा नाकाशी नेला.

मग दुसराही तळवा नेला.

"माह्याच हाताचा वास हाय हा," त्या म्हणाल्या. "जुना. तुह्या सासऱ्याच्या वेळचा."

मग त्या तशाच बसून राहिल्या, हात नाकाशी धरून, आणि मी बाहेर येऊन चाळीस जणींचे कप विसळायला घेतले. दार उघडंच ठेवलं होतं. पण आता बाहेर असं काही उरलं नव्हतं, ज्याचा त्यांना वास घ्यायचा होता.